ठिणगीची वेळ : एका लष्करी पुस्तिकेचे वाचन

मराठी साहित्याच्या अभ्यासात 'गद्य' हा शब्द आपण फार सैलपणे आणि तरीही फार अरुंद अर्थाने वापरत आलो आहोत. कथा, कादंबरी, निबंध, चरित्र, प्रवासवर्णन, फार तर पत्रे आणि बखरी, एवढी यादी संपली की गद्य संपले असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय आहे. विसाव्या शतकातील कोट्यवधी माणसांनी ज्या गद्याशी रोज व्यवहार केला आणि ज्याच्या वाचनात चूक झाली तर हाताचे हाड मोडत असे किंवा गाडी ऐन मोक्याला बंद पडत असे, ते यंत्राच्या देखभालीचे गद्य या यादीत कोठेच नाही. या गद्याचा एक लहानसा तुकडा आम्ही येथे वाचायला घेत आहोत. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपच्या इंजिनात ठिणगी पडण्याची वेळ कशी लावावी, हा त्याचा विषय. गॅरेजमध्ये ज्याला 'टायमिंग लावणे' म्हणतात, तेच हे काम. हा तुकडा कोणासाठी लिहिला गेला, त्याचा वाचक कोणी ठरवला, आणि तो वाचक वाचत नाही असे दिसल्यावर लेखकांनी काय केले, हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनी दुर्लक्षावा असा नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तूचा परिचय. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराने एका हलक्या, चारही चाकांना गती मिळणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी नोंदवली. बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिली गाडी मेरीलँडमधील होलाबर्डच्या लष्करी तळावर हजर झाली. पुढे मोठे काम मात्र विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड या कंपन्यांकडे गेले. विलिसची बाजू भक्कम झाली ती तिच्या इंजिनामुळे. बार्नी रूस या अभियंत्याने कंपनीचे ४८ अश्वशक्तीचे जुने इंजिन सुधारून ६० अश्वशक्तीपर्यंत आणले होते. चार सिलिंडरांचे, सुमारे २२०० घन सेंटिमीटरचे हे इंजिन युद्धकाळातील प्रमाणित जीपचे इंजिन ठरले. फोर्डनेही विलिसच्याच नकाशांबरहुकूम गाड्या बनवल्या. फोर्डच्या गाडीचे नाव जीपीडब्ल्यू होते आणि त्यातील शेवटचे अक्षर विलिसचे. दोन्ही कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. त्यांचे सुटे भाग परस्परांना बसावेत ही अट होती आणि याच अटीमुळे दोन्ही गाड्यांसाठी पुस्तिका एकच निघू शकली. २२ फेब्रुवारी १९४४ या तारखेची ही पुस्तिका 'टीएम ९-८०३' या क्रमांकाने ओळखली जाते. तिच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नाही. युद्धखात्याचे आहे.

आता ठिणगीची वेळ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या वर येताना ते दाबले जाते, आणि दट्ट्या शिखरावर पोचण्याच्या सुमारास प्लगमधून ठिणगी पडून ते पेटते. सामान्य समजूत अशी की ठिणगी पडली की स्फोट होतो. वस्तुस्थिती अशी आहे की मिश्रण पेटते आणि त्याची ज्योत पसरत जाते. या पसरण्याला वेळ लागतो. तो सेकंदाचा काही सहस्रांश एवढाच असतो, पण इंजिनाच्या हिशेबात हा अवधी मोठा आहे. म्हणून दट्ट्या शिखरावर पोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पाडावी लागते. या इंजिनासाठी रूढ असलेला आकडा ५ अंशांचा आहे. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत मंद चालत असेल, तर सेकंदाला १० फेरे, म्हणजे ३६०० अंश झाले. त्यातले ५ अंश म्हणजे सेकंदाचा ७२० वा भाग. वेग वाढला की दट्ट्या घाईने वर येतो आणि ज्योतीला मिळणारा अवधी आटतो. तेव्हा ठिणगी आणखी आधी पडायला हवी. त्यासाठी ठिणगी वाटून देणाऱ्या भागात, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमध्ये, फिरण्याच्या जोराने बाहेर फेकली जाणारी छोटी वजने असतात. ती वेगानुसार ठिणगी आपोआप पुढे ओढतात. मिनिटाला ४००० फेरे असताना हे चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ८००० ठिणग्या मागते.

ठिणगी निर्माण होते ती दोन लहान धातूच्या टोकांच्या उघडझापीतून. ही टोके म्हणजे 'पॉइंट'. ती जुळलेली असताना सहा व्होल्टचा बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहतो. ती उघडली की प्रवाह तुटतो आणि त्या तुटण्यातून कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात काही हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. ठिणगी पडण्याचा क्षण म्हणजे पॉइंट उघडू लागण्याचा क्षण. पॉइंटांमधील फट पूर्ण उघडल्यावर इंचाचा पन्नासावा भाग असावी, असे ठरलेले आहे. पॉइंट उघडणारा छोटा तंतुमय ठोकळा घासून झिजत जातो, तशी ही फट कमी होत जाते, पॉइंट उशिरा उघडू लागतात आणि ठिणगी मागे पडत जाते. म्हणजे कोणी हात लावला नाही तरी टायमिंग स्वतःहून बिघडत राहते. ठिणगी उशिरा पडू लागली की इंजिनाचा जोर कमी होतो आणि ते तापते. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देऊ लागते. हँडल मारून गाडी चालू करताना लवकरची ठिणगी दट्ट्याला उलट ढकलते आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडू शकते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, ही त्या काळच्या प्रत्येक चालकाला दिली जाणारी ताकीद याच भीतीतून आलेली आहे.

टायमिंग लावण्याची रीत अशी : प्रथम पॉइंटांची फट नीट करावी. हा क्रम उलटा केला तर सारे श्रम वाया जातात, कारण फट बदलली की वेळही बदलते. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढावा आणि त्या भोकावर बोट ठेवून हँडलने इंजिन हळूहळू फिरवावे. आतून हवेचा दाब बोटाला जाणवू लागला की सावध व्हावे. इंजिनाच्या मागच्या अंगाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याच्या घराला एक छोटी खिडकी ठेवलेली आहे. तिचे झाकण सरकवले की चाकावर कोरलेली खूण दिसते. ती खूण खिडकीतल्या रेघेशी जुळली की थांबावे. आता डिस्ट्रिब्यूटरचा शिकंजा ढिला करून त्याचे घर किंचित फिरवावे आणि पॉइंट नेमके उघडू लागतील तेथे आवळून टाकावे. हा नेमका क्षण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पॉइंटांच्या तारेला एक लहान दिवा जोडतात. पॉइंट उघडले की तो लागतो. दिवा नसेल तर पॉइंटांत सिगारेटचा पातळ कागद धरून तो अलगद ओढत राहायचा, ही जुनी युक्ती. कागद सुटला तो क्षण ठिणगीचा.

या रीतीकडे साहित्याच्या विद्यार्थ्याने लक्ष द्यावे असे एक स्थळ आहे. चाकावरील खूण इंजिनाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा खिडकीपाशी येते. परंतु चार टप्प्यांच्या इंजिनात पहिल्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते ती दोन फेऱ्यांत एकदाच. म्हणजे खूण दोनदा दिसते आणि त्यांपैकी एकदाच ती पहिल्या सिलिंडरविषयी बोलत असते. दुसऱ्या वेळी तीच खूण चौथ्या सिलिंडरची असते, कारण या इंजिनाचा ज्वलनक्रम १-३-४-२ असा आहे आणि पहिला व चौथा दट्ट्या एकदमच वर येतात. चिन्ह एकच, अर्थ दोन. खिडकीत पाहून त्यांतला कोणता घ्यावा हे कळण्याचा मार्ग नाही. तो निर्णय देते प्लगच्या भोकावरचे बोट. हवेचा दाब लागला तर पहिला अर्थ, न लागला तर दुसरा. संदर्भावाचून चिन्हाचा अर्थ लागत नाही, हे तत्त्व आपण वर्गात कवितेच्या निमित्ताने शिकवतो. या पुस्तिकेच्या वाचकाला ते स्वतःच्या बोटाने शिकावे लागे. न शिकल्यास टायमिंग बरोबर उलटे बसे आणि गाडी सुरूच होत नसे.

मराठीत या कामाला जे क्रियापद मिळाले तेही विचार करण्याजोगे आहे. आपण टायमिंग 'लावतो'. तंबोराही लावतो, दिवा लावतो, विरजण लावतो, आणि वाक्याचा अर्थही लावतो. या सर्व ठिकाणी वस्तू आधीच हजर असते. तिला योग्य जागी किंवा योग्य अवस्थेत आणणे एवढेच कर्त्याच्या हाती असते. टायमिंग लावणारा ठिणगी निर्माण करत नाही, तिला तिची जागा देतो. ज्या मिस्त्र्यांनी हे क्रियापद रूढ केले त्यांची नावे कोणत्याही कोशात नाहीत, पण त्यांची निवड अचूक होती.

आता पुस्तिकेकडे वळू. तिची पहिली विशेषता अशी की ती वाचकाची वाटणी करते. अमेरिकी लष्कराने देखभालीचे पाच स्तर मानले होते. पहिला स्तर चालकाचा : तेल, पाणी, हवा, स्वच्छता, पाहणी. दुसरा तुकडीतील मिस्त्र्याचा. त्यापुढचे स्तर फिरत्या आणि स्थिर कार्यशाळांचे, आणि शेवटचा मोठ्या आगाराचा. 'टीएम ९-८०३' चा पहिला भाग चालकासाठी आहे आणि दुसरा तुकडीच्या मिस्त्र्यासाठी. इंजिन पूर्ण उघडून जोडण्याचे ज्ञान त्यात नाही. ते वेगळ्या क्रमांकाच्या पुस्तिकांत, वेगळ्या वाचकांसाठी ठेवलेले आहे. टायमिंग हे दुसऱ्या स्तराचे काम. चालकाने ते बिघडल्याची लक्षणे ओळखावीत, सांगावीत, आणि हात मागे घ्यावा, अशी ही व्यवस्था. कोणी किती जाणावे हे ज्ञानाच्या अवघडपणावरून ठरले नव्हते. वर सांगितलेली रीत कोणाही धडधाकट चालकाला एका सकाळी शिकता येईल. ते ठरले होते जबाबदारीच्या उतरंडीवरून. पुस्तिकेच्या क्रमांकातही ही उतरंड दिसते. दहाने सुरू होणारे क्रमांक क्वार्टरमास्टर, म्हणजे पुरवठा खात्याचे. नऊने सुरू होणारे ऑर्डनन्स खात्याचे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मोटारींची जबाबदारी पहिल्या खात्याकडून दुसऱ्याकडे गेली आणि जीपच्या पुस्तिका दहाच्या मालिकेतून नऊच्या मालिकेत आल्या.

दुसरी विशेषता तिच्या शैलीची. येथे 'मी' नाही, 'तू' नाही, विशेषणे जवळपास नाहीत. वाक्ये आज्ञार्थी आणि आखूड. प्रत्येक वाक्यात एक कृती. कारणे फारशी दिलेली नाहीत. पॉइंटांची फट वेळेच्या आधी का नीट करायची, हे सांगितले तर वाचक क्रम विसरणार नाही, असे आपल्याला वाटेल. पण कारणे जाणणारा वाचक स्वतःचे डोके चालवू लागतो, आणि सहा लाख गाड्यांच्या बाबतीत लष्कराला तेच नको होते. येथे कारण गाळणे हा शैलीचा दोष नाही, धोरण आहे. मजकुराचे उद्दिष्ट एक इंजिन उत्तम चालवणे हे नसून सर्व इंजिने सारखी चालवणे हे आहे. उत्तर आफ्रिकेत एकाने लावलेले टायमिंग दुसऱ्याने इटलीत उघडून पाहिले तर ते त्याला ओळखीचे वाटले पाहिजे.

या धोरणाची अडचण लवकरच पुढे आली. पुस्तिका छापून झाल्या, वाटल्या गेल्या, आणि वाचल्या गेल्या नाहीत. लक्षावधी नवे सैनिक शेतांतून, दुकानांतून, कारखान्यांतून आलेले. त्यांच्यापुढे शंभर-दोनशे पानांचे क्रमांकित परिच्छेद ठेवून ते मनोभावे वाचतील ही अपेक्षा भाबडी होती. यावर जो उपाय निघाला तो एका चित्रकथाकारामुळे नावारूपाला आला. विल आइसनर (१९१७–२००५) हा 'द स्पिरिट' या चित्रमालिकेमुळे १९४० पासून प्रसिद्ध होता. १९४२ मध्ये तो लष्करात भरती झाला. होलाबर्डच्या तळावरून निघणाऱ्या 'आर्मी मोटर्स' या साध्या पत्रकाशी त्याचा संबंध आला आणि त्याने देखभालीच्या सूचना चित्रकथेत आणल्या. त्यासाठी जो डोप नावाचा एक धांदरट सैनिक जन्माला आला. तो प्रत्येक वेळी करू नये ते करतो, गाडीचा सत्यानाश होतो, आणि वाचकाला हसता हसता योग्य रीत कळते. मराठी वाचकाला ही युक्ती अपरिचित नाही. आपल्या लोकनाट्यातला सोंगाड्याही अडाणीपणाचे सोंग घेऊन शहाण्यांना चार गोष्टी ऐकवतो.

वरिष्ठ वर्तुळांत या प्रकाराला विरोध झाला. लष्कराच्या अधिकृत सूचना विनोदाने सांगणे अनेकांना अशोभनीय वाटले. पण प्रयोग टिकला. कोरियातील युद्ध सुरू असताना, १९५१ च्या जूनमध्ये, याच परंपरेतले नवे मासिक निघाले. त्याचे नाव 'पीएस', म्हणजे ताजा कलम. पुस्तिका हे पत्र आणि मासिक हा त्याचा ताजा कलम, हा नावातला भाव. आइसनरने १९७१ पर्यंत या मासिकाचे काम पाहिले. त्यातील पात्रांची नावे इंजिनातून उचललेली होती : कॉनी रॉड या तरुणीच्या नावात दट्ट्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड लपलेला आहे, आणि हाफ-मास्ट मॅकॅनिक या सार्जंटच्या आडनावात मेकॅनिक. कॉनीचे चित्रण पुरुष सैनिकांना पान उलटायला लावण्यासाठी योजलेले होते, हे स्पष्ट आहे. यंत्राच्या निगेचा धडा स्त्रीदेहाच्या आमिषाने देण्याची ही रीत पुढे लष्करालाही अडचणीची वाटू लागली आणि तिचे स्वरूप सौम्य करण्यात आले. तंत्रलेखन निर्विकार असते, हा समज सोडून देण्यास एवढे एक उदाहरण पुरे.

१९७८ मध्ये आइसनरचे 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड' प्रसिद्ध झाले. चित्रकादंबरी या प्रकाराच्या इतिहासात या पुस्तकाचे स्थान मोठे आहे आणि आता अनेक विद्यापीठांत ते अभ्यासले जाते. त्याच्या आधीची वीसाहून अधिक वर्षे मात्र लष्करी कामाची म्हणून बहुधा एका ओळीत आटोपली जातात. चित्र आणि मजकूर यांचा क्रम कसा लावावा, कोणता क्षण दाखवावा आणि कोणता गाळावा, वाचकाची नजर पानावरून कशी फिरवावी, हे प्रश्न त्याने ज्या काळात महिनोन्महिने सोडवले, तो काळ पॉइंटांच्या फटी आणि तेलाच्या पातळ्या समजावण्यात गेला. त्याच्या या वाचकाला पान समजले नाही, तर त्याची गाडी बंद पडत असे. इतका कठोर टीकाकार फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतो.

ही गाडी आपल्याकडे कशी आली, हा इतिहासाचा पुढचा भाग. १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांचे असलेले ब्रिटिश हिंदी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. इंफाळ आणि कोहिमाच्या १९४४ मधील लढायांच्या काळात जीप या सैन्याची रोजची गाडी झालेली होती. यंत्रांच्या देखभालीसाठी १९४३ मध्ये स्वतंत्र दल उभारण्यात आले, तेच आजचे ईएमई. या सैन्यात शिक्षणाची भाषा बहुतांशी रोमन लिपीतील उर्दू होती. म्हणजे सातारा-कोल्हापूरकडचा जो तरुण फौजेत मोटार शिकला, त्याच्यापर्यंत हे ज्ञान पोचले ते इंग्रजी पुस्तिकेतून निघून, रोमन लिपीतल्या हिंदुस्थानीतून गाळून, आणि 'उस्ताद' म्हणून संबोधल्या जाणाऱ्या शिक्षकाच्या तोंडून. शाळेत शिकलेली लिपी आणि घरची भाषा ही दोन्ही वाटेत गळून गेलेली.

युद्ध संपले आणि लष्कराच्या गाड्या 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या. त्याच सुमारास मुंबईत १९४५ मध्ये महिंद्र अँड महंमद ही कंपनी स्थापन झाली. १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. कंपनीचे एक संस्थापक के. सी. महिंद्र युद्धकाळात हिंदुस्थानच्या पुरवठा मंडळाच्या कामासाठी अमेरिकेत होते आणि तेथे त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली, असे सांगितले जाते. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके तिची वंशावळ येथे चालू राहिली. तहसीलदार, पोलीस, पाटबंधारे खाते, निवडणुकीचे उमेदवार आणि वडाप या सर्वांनी ती चालवली. वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे अशा प्रत्येक गाडीला आपण जीप म्हणू लागलो.

नावांचे हे सामान्यीकरण इंजिनाच्या पोटातही घडले. डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडचा मिस्त्री 'डेल्को' म्हणतो. डेल्को हे मुळात अमेरिकेतील डेटन येथे १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी काढलेल्या कंपनीचे नाव. पॉइंट आणि कॉइलची ही ठिणगीपद्धती केटरिंगच्याच नावाने ओळखली जाते. गंमत अशी की युद्धकाळातील विलिस जीपचा डिस्ट्रिब्यूटर डेल्कोचा नव्हता, ऑटो-लाइट या दुसऱ्या कंपनीचा होता. पण मिस्त्र्याच्या तोंडी ऑटो-लाइटचा डेल्को, ल्यूकसचा डेल्को असे प्रयोग सुखाने नांदत राहिले. इकडे मराठी विश्वकोशाने 'अंतर्ज्वलन-एंजिन' ही संज्ञा वापरली आणि भाषा संचालनालयाने पारिभाषिक कोश काढले. हे काम मोलाचे आहे. परंतु कोशांतली भाषा गॅरेजपर्यंत पोचली नाही आणि गॅरेजातली भाषा कोशांत शिरली नाही. दोन मराठी शेजारी राहिल्या आणि त्यांची भेट झाली नाही.

मिस्त्र्याची रीतही पुस्तिकेहून वेगळी होती. तो इंजिन चालू ठेवूनच डेल्को फिरवतो, आवाज ऐकतो, वेग वाढत वाढत स्थिरावला की तेथून केसभर मागे येतो आणि आवळतो. मग एका चढावर गाडी नेऊन ठोके येतात का पाहतो. या रीतीत अंश नाहीत, दिवा नाही, खिडकी तर पुष्कळदा वर्षानुवर्षे मातीने बुजलेली असते. शिकलेला माणूस याला अडाणीपणा म्हणून मोकळा होतो. पण नीट पाहिले तर ही रीत पुस्तिकेला न परवडणारी एक गोष्ट साधते. झिजलेले इंजिन, दुसऱ्याच गाडीचे बसवलेले पॉइंट आणि मिळेल तसले पेट्रोल, अशा स्थितीत छापील ५ अंश हे योग्य उत्तर असेलच असे नाही. पुस्तिका सर्व इंजिनांना एक उत्तर देते. मिस्त्री समोरच्या इंजिनाला त्याचे उत्तर विचारतो. मात्र मिस्त्र्याचे उत्तर त्याच्या कानातच राहते. पुस्तिका ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाची होते. दोन्ही रीतींचे लाभ आणि दोन्हींची किंमत अशी समोरासमोर मांडल्यावर आमच्या मते एकीला ज्ञान आणि दुसरीला सवय म्हणता येणार नाही.

येथे कोणी विचारील की हे सारे ठीक, पण याचा साहित्याशी संबंध काय? उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेले 'आज्ञापत्र' आपण मराठी गद्याचा मानदंड म्हणून शिकवतो. त्याच्या दुर्गप्रकरणात दारूखान्याची व्यवस्था सांगितलेली आहे : तो राहत्या घरांजवळ नसावा, आणि आठा-पंधरा दिवसांनी दारू, बाण वगैरे बाहेर काढून, ऊन दाखवून, पुन्हा बंदोबस्ताने ठेवावे. हे शुद्ध देखभालीचे गद्य आहे. हवालदाराचे काम कोणते, ते किती दिवसांनी करावे, न केल्यास काय बिघडेल, या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, आणि नेमक्या याच गोष्टी 'टीएम ९-८०३' मध्ये आहेत. आज्ञापत्राला आपण साहित्यात घेतले कारण त्याला एक अमात्य लाभला, राज्याची एक कल्पना लाभली आणि काळाचे अंतर लाभले. जीपच्या पुस्तिकेला लेखक नाही, आणि मिस्त्र्याच्या रीतीला तर मजकूरच नाही. फरक गद्याच्या जातीचा नाही. ते कोणी जपले याचा आहे.

आज या इंजिनाची वेळ हाताने लावण्याचे दिवस जवळपास संपले आहेत. युद्धोत्तर एम-३८ जीपमध्ये चोवीस व्होल्टची, पाणी न शिरणारी बंदिस्त ठिणगीव्यवस्था आली. १९७० च्या दशकापासून मोटारींतील पॉइंट हळूहळू गेले आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्या. आताच्या गाडीत ठिणगीचा क्षण संगणक ठरवतो. मालकाला किंवा कोपऱ्यावरच्या मिस्त्र्याला तेथे हात घालायला जागा ठेवलेली नाही. १९४४ ची पुस्तिका मात्र पुनर्मुद्रित होते आणि तिच्या आधारे जुन्या जीप हौशी लोक जगभर पुन्हा चालत्या करतात. आपल्याकडे डेल्कोच्या आवाजावरून वेळ ओळखणारी पिढी आता सत्तरीच्या घरात आहे, आणि तिच्या पाठीशी पुनर्मुद्रित करण्यासारखे काही नाही.

मराठीच्या अध्यापकांपुढे म्हणून एक सूचना ठेवतो. व्यावहारिक मराठीच्या तासाला अर्ज आणि इतिवृत्ते लिहून घेण्याबरोबर विद्यार्थ्यांना एकदा अशा जुन्या मिस्त्र्याकडे पाठवावे. टायमिंग कसे लावायचे हे त्यांनी त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. डेल्को, पॉइंट, मिस मारणे, काहीही न बदलता. मग तो कागद ज्याने हे काम कधी केलेले नाही अशा दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि त्याला इंजिनापाशी उभे करावे. पहिले हँडल मारण्यापूर्वी अंगठा कोठे ठेवायचा, हे त्या कागदावर आले आहे की नाही, एवढे अध्यापकांनी आधी तपासून घ्यावे.